शाळेच्या संगणकाची मूळप्रत



संगणक चालवावा कसा, हे सांगणारे हल्ली पुष्कळ आहेत. घरातले शाळकरी पोरही ते आपल्याला सांगते. पण संगणक बिघडला, मंदावला, विषाणूने धरला, म्हणजे तो पुन्हा धडपणे उभा कसा करावा, आणि शाळेतले दहाच्या दहा संगणक एकाच घडणीचे कसे ठेवावे, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आज त्याविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत. विषय थोडा यंत्राचा आहे, तरी भिण्याचे कारण नाही. पेरणीआधी ज्याने बियाणे पारखून घेतले आहे, त्याला हा विषय परका वाटणार नाही.

हिमायतनगर तालुक्यातली एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे हे गाव. जुनी माणसे अजून वाढोणा म्हणतात आणि परमेश्वराच्या देवळाने ते ओळखले जाते. एका अंगाला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे विदर्भ, दुसऱ्या अंगाला थोडे गेले की तेलंगणाची हद्द. समजा, अशा शाळेत एका खोलीत दहा संगणक आहेत. तीन धड चालतात. चार सुरू होईपर्यंत तास संपतो. दोघांवर नको त्या जाहिराती उघडतात. एक मुळीच सुरू होत नाही. मग गुरुजी काय करतात? यंत्राचा डबा मोटारसायकलवर मागे बांधतात आणि दुकानात नेऊन म्हणतात, "फॉरमॅट मारून द्या." दुकानातला मुलगा खिशातला पेनड्राइव्ह काढतो, तासाभरात विंडोज टाकतो आणि पैसे घेतो. काम झाले.

पण मंडळी, त्या पेनड्राइव्हमध्ये काय होते, हे कोणी विचारले का? ती प्रत कोणी तयार केली, कोणत्या सालची, तिच्यात कोणी आणखी काही मिसळले आहे काय? बियाण्याच्या पिशवीवर खूणचिठ्ठी नसेल तर आपण दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो. इथे मात्र एकही विचारत नाही. आणि त्याच यंत्रावर पुढे मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक आणि शिक्षकांच्या पगाराचे कागद भरले जातात.

मूळप्रत म्हणजे काय?

संगणकाचा सगळा कारभार पाहणारी एक मुख्य प्रणाली असते. विंडोज हे तिचे एक नाव, लिनक्स हे दुसरे. ती नसेल तर संगणक म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. ही प्रणाली कोऱ्या यंत्रावर बसवायची, तर तिचा सगळा ऐवज एका मोठ्या फाइलीत बांधून मिळतो. तिला बाजारात आयएसओ फाइल किंवा इमेज म्हणतात. सीडीवर मजकूर कसा मांडावा याचे जे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८८ साली ठरले, त्याचा क्रमांक ९६६०. त्या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेच्या नावावरून 'आयएसओ' हा शब्द रूढ झाला. सीडी गेली, पेनड्राइव्ह आला, नाव तेच राहिले. आपण आज तिला मूळप्रत म्हणू.

आता अडचण अशी, की कंपनीने दिलेली मूळप्रत ज्या दिवशी तयार झाली त्या दिवसापुरतीच ताजी असते. पुढे प्रणालीत भोके सापडत जातात आणि ती बुजवण्यासाठी दुरुस्त्या निघतात. मायक्रोसॉफ्ट कंपनी २००३ सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या दुरुस्त्या देत आली आहे. आपण त्यांना 'अपडेट' म्हणतो. वर्षापूर्वीची मूळप्रत यंत्रावर टाकली, तर वर्षभराचे अपडेट त्या एकट्या यंत्राने इंटरनेटवरून ओढून घ्यायचे. समजा, एका यंत्राला तीन जीबी लागले, तर दहा यंत्रांना तीस जीबी. इंटरनेट मोबाइलचे, ते कधी येते, कधी जाते. त्यात दुपारी वीज गेली की अर्धवट झालेले काम पुन्हा पहिल्यापासून. म्हणून गुरुजी कंटाळतात आणि अपडेट बंद करून टाकतात. यंत्र हलके वाटते, पण कुंपण मोडलेल्या शेतासारखे उघडे पडते.

यावर उपाय सरळ आहे. अपडेट एकदाच उतरवून घ्यायचे, ते मूळप्रतीतच मिसळायचे, शाळेला लागणारी सॉफ्टवेअरे आणि मराठीची सोय तिच्यातच घालायची, नको ते काढायचे आणि अशी तयार केलेली एकच प्रत दहाही यंत्रांवर टाकायची. ओढायचे तीन जीबी, काम दहा यंत्रांचे.

एवढा खटाटोप कशासाठी?

तुम्ही म्हणाल, "आमच्या शाळेच्या संगणकात कोणाला काय रस? चोर येतील ते बँकेत येतील." श्रोतेहो, हा समज घातक आहे. विषाणू पत्ता विचारून येत नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा विषाणू जगभर पसरला. तो संगणकातल्या फाइली कुलपात घालून खंडणी मागत असे. त्या वेळी केरळातल्या काही ग्रामपंचायतींच्या कार्यालयातले संगणकही त्याने धरले. तेव्हा लहान गावे सुटतात असे नाही. आणि ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती कंपनीने १४ मार्चलाच दिली होती. जवळजवळ दोन महिने औषध हाताशी होते, पण असंख्य यंत्रांवर ते कोणी टाकलेच नव्हते.

त्याच वर्षी २७ जूनला दुसरा तडाखा बसला. नॉटपेट्या नावाच्या विषाणूने मर्स्क ही जहाज वाहतुकीची मोठी डॅनिश कंपनी ठप्प केली. त्याचा फटका आपल्या महाराष्ट्रातही बसला. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात या कंपनीच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे काम खोळंबले. पुढे जानेवारी २०१८ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितले, की दहा दिवसांत त्यांना चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. पंचेचाळीस हजार! एकेका यंत्राजवळ बसून, एकेक सॉफ्टवेअर हाताने टाकून हे होईल काय? तयार मूळप्रत हाताशी असल्यावाचून एवढे काम दहा दिवसांत उरकत नाही.

या हकिगतीत एक प्रसंग आपल्या भागातल्या माणसाला लगेच पटेल असा आहे. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणते यंत्र उघडता येईल, याची नोंदवही ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर त्या कंपनीचे जगभर होते. ते एकमेकांची नक्कल ठेवीत, म्हणून एक गेला तरी दुसऱ्यावरून काम चाले. पण विषाणूने ते सगळे एकदमच पुसले. एक तेवढा वाचला, आफ्रिकेतल्या घाना देशातला. का वाचला? विषाणू पसरला तेव्हा तिथली वीज गेलेली होती आणि यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते! तिथले इंटरनेट इतके मंद होते, की ती नक्कल तारेने पाठवायला कित्येक दिवस लागले असते. शेवटी माणसांनी ती हाताने नेली. घानाचा माणूस नायजेरियाच्या विमानतळावर आला, तिथे दुसऱ्याने ती घेतली आणि इंग्लंडला पोहोचवली. 'वायर्ड' या नियतकालिकाने २०१८ साली ही हकिगत सविस्तर छापली. तात्पर्य एवढेच, की जाळ्यापासून तोडून, वेगळी काढून ठेवलेली एक चांगली प्रत अडीअडचणीला सगळ्या घराला तारते. कणगीत राखून ठेवलेल्या बियाण्याचे महत्त्व आपल्याला कोणी सांगायला नको.

याच हकिगतीतून आणखी दोन धडे निघतात. पहिला असा, की नॉटपेट्या शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. त्या सॉफ्टवेअरच्या घरातच चोर घुसला होता. म्हणजे नुसते 'ताजे' असून भागत नाही, ते कोणाच्या हातून आले आणि तो हात स्वच्छ आहे का, हेही पाहावे लागते. दुसरा असा, की हा विषाणू एका यंत्रातले पासवर्ड चोरून त्यांच्या बळावर शेजारच्या यंत्रात जाई. शेजारचे यंत्र अगदी ताजे असले तरी. दहाही यंत्रांना एकच मुख्य पासवर्ड ठेवणे म्हणजे दहा घरांना एकच किल्ली. मूळप्रत तयार करताना हा मोह फार होतो. तो टाळावा.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

पहिली गोष्ट म्हणजे मूळ फाइल अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी. विंडोजची मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून, लिनक्सची त्या त्या लिनक्सच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. मित्राच्या पेनड्राइव्हवरून नको, 'क्रॅक केलेली' तर मुळीच नको.

दुसरी गोष्ट, फाइल पारखून घ्यावी. प्रत्येक फाइलीचा एक ठसा काढता येतो. त्याला शा-२५६ असे म्हणतात आणि तो चौसष्ट अक्षरे-अंकांचा असतो. फाइलीत एका अक्षराचा जरी फरक पडला, तरी ठसा साफ बदलतो. आपल्या यंत्रावर ठसा काढायचा आणि कंपनीने जाहीर केलेल्या ठशाशी ताडून पाहायचा. लिनक्समध्ये त्यासाठी एका ओळीची आज्ञा आहे आणि विंडोजमध्येही आहे. हा निव्वळ सोपस्कार आहे असे समजू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटचे संकेतस्थळच चोरांनी ताब्यात घेतले आणि खऱ्या फाइलीऐवजी चोरवाट घातलेल्या फाइलीकडे दुवा वळवला. जे अधिकृत ठिकाणी गेले होते, तेही त्या दिवशी फसले. ज्यांच्याजवळ खात्रीचा ठसा होता आणि ज्यांनी तो ताडून पाहिला, त्यांना खोटी फाइल तेव्हाच ओळखता आली. खबरदारी एकच. ठसा आणि फाइल एकाच जागेवरून घेतले, तर चोर दोन्ही बदलू शकतो. म्हणून ठशावर प्रकाशकाची संगणकीय सही असते, तीही तपासावी. निदान दुसऱ्या खात्रीच्या ठिकाणचा ठसा पाहावा.

तिसरी गोष्ट, प्रत उघडून तिच्यात भर घालणे. विंडोजच्या मूळप्रतीत 'सोर्सेस' नावाच्या फोल्डरमध्ये 'इन्स्टॉल डॉट विम' ही फाइल असते. खरा माल तिच्यात. मायक्रोसॉफ्टचेच 'डिझम' नावाचे साधन विंडोजमध्ये आधीपासून असते. त्याने ही फाइल एका रिकाम्या फोल्डरमध्ये उघडायची, मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून उतरवलेले अपडेट तिच्यात घालायचे, आपल्या यंत्रांना लागणारे ड्रायव्हर घालायचे आणि फाइल मिटायची. मिटताना 'बदल कायम कर' असे सांगायला विसरू नये, नाहीतर तासाभराची मेहनत वाया. काही वेळा 'विम'ऐवजी 'ईएसडी' नावाची आवळून बांधलेली फाइल मिळते. तिच्यात थेट भर घालता येत नाही, तिचे आधी 'विम' करून घ्यावे लागते.

इथे क्रम फार महत्त्वाचा. सोयाबीनच्या बीजप्रक्रियेत आपण आधी बुरशीनाशक लावतो आणि जीवाणू संवर्धक मागाहून. क्रम उलटला तर जीवाणू कामातून जातात. तसेच इथे. मराठी भाषेचा संच आणि प्रणालीचे जादा भाग आधी घालावे, महिन्याचे मोठे अपडेट मागाहून. उलट केले, तर मागून आलेला भाग जुनाच राहतो आणि अपडेट पुन्हा घालावे लागते.

शेवटी मायक्रोसॉफ्टच्याच एडीके नावाच्या साधनपेटीतले एक साधन वापरून पुन्हा आयएसओ फाइल बांधायची आणि पेनड्राइव्हवर उतरवायची. एक गाठ इथे हमखास बसते. जुन्या पद्धतीच्या फॅट-३२ मांडणीच्या पेनड्राइव्हवर चार जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही आणि अपडेट मिसळलेली 'विम' सहज त्याहून मोठी होते. तेव्हा डिझमनेच तिचे दोन तुकडे करावे. विंडोज ते आपोआप ओळखून घेते.

लिनक्सचे काम याहून सोपे आहे. उबुंटूसाठी 'क्युबिक' नावाचे मोफत साधन आहे. ते मूळप्रत उघडते आणि तिच्या आत आपल्याला जणू बसवून देते. आत बसून अपडेट घ्यायचे, हवी ती सॉफ्टवेअरे घालायची, नको ती काढायची आणि 'पुढे' म्हणायचे. नवी आयएसओ तयार. डेबियनवाल्यांसाठी 'लाइव्ह-बिल्ड' आहे. त्यात काय काय घालायचे याची यादी लिहून ठेवली, की पुढच्या महिन्यात तीच यादी पुन्हा चालवून ताजी प्रत बांधता येते. शिक्षकांना माझा सल्ला असा, की यादी लिहून ठेवण्याची पद्धत उत्तम. आज तुम्ही या शाळेत आहात, उद्या बदली होईल. यादी मागे राहिली, तर तुमच्या मागून येणारा गडी काम पुढे नेईल.

मूळप्रतीत काय घालावे?

हे ज्याने त्याने आपले गाव पाहून ठरवावे. आपल्या भागात मराठीबरोबर उर्दू आणि तेलुगूही कानांवर पडते, तेव्हा त्या लिप्यांचे फाँट आणि कळफलक असावेत. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक असावा. फाँट घातल्यावर तपासणीसाठी काही शब्द टंकून पाहावेत, जसे तऱ्हा, कोऱ्या, ज्ञान, कृष्ण, फळ, ॲप. 'ऱ्या' आणि 'ॲ' जिथे नीट उमटतात, तिथे बाकीची मराठी सहसा अडत नाही. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असतील, तर ते फाँट रीतसर घेतलेले असल्यास तेही ठेवावे. नाहीतर जुने कागद उघडल्यावर गिचमिड दिसते आणि लोक संगणकाला दोष देतात.

लिबर ऑफिस हे लेखन-हिशेबाचे, जीकॉम्प्रिस हे लहान मुलांचे आणि जिओजिब्रा हे गणिताचे, ही तिन्ही शाळेला उपयोगी पडतात. इंटरनेट नसतानाही ज्ञानकोश वाचता यावा यासाठी 'किविक्स' आहे. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्याची प्रत किविक्समध्ये घालून ठेवली, तर वीज आहे आणि इंटरनेट नाही अशा दिवशीही मुलांना वाचायला मिळते.

आणि काय घालू नये? कोणाचेही नाव, पासवर्ड, वायफायची किल्ली, मुलांच्या याद्या, शिक्षकांचे कागद यांतले काहीही घालू नये. बरेचजण एक नमुन्याचा संगणक नीट मांडतात आणि त्याचीच जशीच्या तशी नक्कल इतरांवर उतरवतात. क्लोनझिला नावाच्या मोफत साधनाने ते सहज होते आणि ती पद्धत वाईट नाही. पण नमुन्याच्या यंत्रावर आधी कोणी काम केलेले असेल, तर त्याची खासगी माहिती दहाही यंत्रांवर जाते. शिवाय विंडोजच्या प्रत्येक यंत्राची स्वतःची एक ओळखखूण असते, ती पुसण्यासाठी 'सिसप्रेप' नावाचे साधन आधी चालवावे लागते. म्हणून नमुन्याचा संगणक कोराच घ्यावा, वापरातला घेऊ नये.

परवान्याचेही सांगितले पाहिजे. मूळप्रत तयार केली म्हणजे विंडोजचा परवाना मिळाला असे नाही. प्रत्येक यंत्राचा परवाना वेगळा. जिथे तो नाही, तिथे चोरून चालवण्यापेक्षा लिनक्स घ्यावे. ते मोफत आहे आणि वाटायलाही मोकळे आहे. शाळेत आपण मुलांना खरे बोलायला शिकवतो. त्याच खोलीतला संगणक चोरीचा असू नये.

हे कोणी केले आहे काय?

केले आहे, आणि आपल्याच देशात. केरळ राज्याने २००१ साली आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू केला. पुढे त्याचे 'काइट' या संस्थेत रूपांतर झाले. त्यांनी शाळांसाठी स्वतःची लिनक्स मूळप्रत बांधली. २०१९ साली त्यांनी उबुंटू १८.०४ वर आधारलेली प्रत दिली. मल्याळम भाषेची सोय आणि पाठ्यपुस्तकाला लागणारी सॉफ्टवेअरे तिच्यात आधीच घातलेली होती. गुरुजींनी पेनड्राइव्ह लावावा आणि वर्ग सुरू करावा, एवढेच काम उरले.

आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेनेही २००७ साली 'बॉस' नावाची भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली दिली. तिचे काम चेन्नईच्या केंद्रातून झाले. ती डेबियनवर आधारलेली असून तिच्यात मराठी आहे. शाळांसाठी 'एज्युबॉस' नावाची वेगळी प्रतही त्यांनी काढली. म्हणजे घडण आपल्याकडे आहे, माणसे आहेत, मार्गही माहीत आहे. गावापर्यंतची शेवटची वाट तेवढी आपल्याला पुरी करायची आहे.

आज याची निकड आणखी वाढली आहे. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. पुढची सुरक्षा वेगळी नोंदणी करून आणि ठरावीक मुदतीपुरतीच मिळते. विंडोज ११ घ्यावे, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची खास सोय, चार जीबी मेमरी आणि चौसष्ट जीबी साठवण लागते. शाळेतली बरीच जुनी यंत्रे त्या मापात बसत नाहीत. मग ती भंगारात घालायची काय? मुळीच नाही. हलके लिनक्स घालून ती आणखी काही वर्षे मुलांच्या हाताखाली राहू शकतात. एक बाद ठरलेले यंत्र म्हणजे तासाला दोन मुलांची जागा. दहा वाचली, तर वीस मुलांना हात लावायला मिळतो.

उगवण तपासा, मगच पेरा

सोयाबीनचे बियाणे घरचे असेल, तर आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर पेरणीला घेतो. मूळप्रतीचेही तसेच करावे. प्रत तयार झाल्यावर ती एकदम दहा यंत्रांवर टाकू नये. आधी व्हर्च्युअल बॉक्ससारख्या साधनात टाकून पाहावी. ते संगणकाच्या आत दुसरा खोटा संगणक उभा करते, तेव्हा बिघडले तरी नुकसान नाही. मग शाळेतल्या सगळ्यात जुन्या यंत्रावर टाकावी. नव्यावर सगळेच चालते, खरी पारख जुन्यावर. आवाज येतो का, छपाई होते का, मराठी उमटते का, वायफाय लागते का, एकदा बंद करून पुन्हा सुरू होते का, हे सगळे कागदावर खुणा करून पाहावे. दोन दिवस मुलांना वापरू द्यावे. शिक्षकाच्या नजरेतून सुटलेला दोष मुलगा तासाभरात शोधून काढतो.

आणि आता सगळ्यांत मोठी सूचना. ज्यांनी बाकी काही ऐकले नसेल, त्यांनी एवढे तरी ऐकावे. मूळप्रत टाकताना यंत्रावरचा जुना मजकूर पुसला जातो. निकालपत्रके, फोटो, पगाराचे कागद, सगळे. म्हणून आधी ते सगळे दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावे, ती डिस्क दुसऱ्या यंत्रावर लावून फाइली खरोखर उघडतात का ते पाहावे आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. 'काढून घेतले आहे' हे शब्द ऐकून कोणी पुसायला बसू नये. स्वतः उघडून पाहावे.

महिन्याची प्रत, महिन्याची बैठक

शेवटचा प्रश्न राहतो तो असा, की ही ताजी प्रत ताजी ठेवणार कोण? आज केलेली भाकरी उद्या शिळी होते, तशी पूर्ण अद्ययावत प्रतही महिन्याभरात मागे पडते. प्रत्येक शाळेने हे काम करावे असे म्हणणे बरोबर नाही. ते होणारही नाही. पण आपल्याकडे केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुख आहेत आणि केंद्राच्या शिक्षण परिषदा भरतात. एका केंद्रात एखाद्या शिक्षकाला याची गोडी असतेच. त्याने आणि त्याच्या जोडीला आणखी एकाने ही प्रत सांभाळावी. दुसऱ्या मंगळवारनंतरच्या आठवड्यात ती ताजी करावी, तपासावी आणि परिषदेला येणाऱ्यांनी आपापल्या पेनड्राइव्हवर न्यावी. ताजी प्रत नव्याने उभ्या करायच्या यंत्रासाठी. जी यंत्रे धड चालतात, ती पुन्हा पुसण्याचे कारण नाही. त्यांच्यासाठी त्याच पेनड्राइव्हवर महिन्याचे अपडेट वेगळे ठेवावे.

पेनड्राइव्हला कागदाची चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर चार गोष्टी असाव्यात. कोणत्या प्रणालीची प्रत, कोणत्या तारखेची, कोणी केली आणि कोणी तपासली. शा-२५६ चा ठसा वहीत लिहावा. केंद्रावरून नेलेल्या प्रतीचा ठसा शाळेत जाऊन ताडून पाहावा, म्हणजे वाटेत फाइल बिघडली किंवा बदलली असेल तर कळेल. मागच्या महिन्याची प्रतही लगेच पुसू नये. नवीत दोष निघाला, तर जुनी कामाला येते. आणि एक प्रत कपाटात, कोणत्याही यंत्राला न जोडलेली ठेवावी. घानाच्या त्या वाचलेल्या यंत्रासारखी.

शेतकरी बांधवांना बियाण्याच्या पायऱ्या माहीत आहेत. पैदासकाराचे बियाणे, त्यातून पायाभूत, पायाभूतातून प्रमाणित. वरच्या पायरीवर भेसळ झाली, तर खालच्या हजारो एकरांत ती दिसते. मूळप्रतीचे अगदी असेच आहे. ती चांगली असेल, तर केंद्रातल्या प्रत्येक शाळेत तिचे भले उगवते. तिच्यात खोट असेल, तर तीही प्रत्येक शाळेत उगवते. म्हणून जो ही प्रत करतो, त्याच्यावर जबाबदारी मोठी आहे. ते काम दोघांनी मिळून करावे, एकाने करावे आणि दुसऱ्याने तपासावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, येत्या परिषदेत एवढेच विचारा, "आपल्या केंद्रात ही प्रत कोण सांभाळेल?" एका हाताने काम सुरू होईल, दुसरा हात आपोआप पुढे येईल. आणि श्रोतेहो, तुमची मुले ज्या शाळेत जातात तिथल्या गुरुजींना तुम्हीही विचारा, की आमच्या पोरांची नावे ज्या संगणकात आहेत, त्यात प्रणाली कुठून आणली आणि केव्हाची आहे? प्रश्न सौम्यपणे विचारावा, पण विचारावा जरूर.